सहाव्या भाषेतली आठ वाक्यं

बस डेपोत त्यांना भोंगाबाई म्हणत. हे नाव ठेवणारा क्लार्क कधीच निवृत्त होऊन गेला, नाव मात्र बाईंना चिकटलं ते चिकटलंच. चौकशीच्या खिडकीमागे, मायक्रोफोनसमोर बाईंनी एकतीस वर्षं काढली, आणि त्यांची ख्याती अशी की या बाईला सहा भाषा येतात. डेपोत उतरणारी माणसं तरी कुठे एका बोलीची होती! एका गाडीतून उतरणाऱ्याचं बोलणं शेजारच्या गाडीतून उतरणाऱ्याला कळेल तर शपथ. म्हणून वरून हुकूम आला होता की प्रत्येक घोषणा सहा भाषांत झाली पाहिजे.

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. सहापैकी एक भाषा बाईंची माहेरची, दुसरी बाजारात सगळेच बोलतात ती. उरलेल्या चारांमधली बाईंना प्रत्येकी आठ वाक्यं येत होती. मोजून आठ. गाडी फलाटावर लागली आहे. गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. गाडीला उशीर आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं. गाडी रद्द झाली आहे. रांगेत उभं राहावं. आपलं सामान सांभाळावं. हरवलेली व्यक्ती चौकशीच्या खिडकीपाशी आहे. आणि शेवटचं, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. एवढ्यावर एकतीस वर्षं निभावली.

एकदा एक लांबची म्हातारी आपली भाषा ऐकून धावत खिडकीशी आली आणि सुनेपासून गुडघ्यापर्यंतची सगळी कर्मकहाणी बाईंना सांगून मोकळी झाली. बाईंना एक अक्षर कळलं नाही. म्हातारी थांबली आणि उत्तराची वाट बघत राहिली. बाई काय बोलणार? त्यांनी तिच्या भाषेत सांगितलं, ‘रांगेत उभं राहावं.’ म्हातारी मान डोलावून खरोखरच रांगेत जाऊन उभी राहिली. हा किस्सा बाई स्वतःच हसून सांगत. ‘पोपटपंची हो नुसती,’ म्हणत.

सहावी भाषा होती डोंगराकडची. ती बोलणारे इतके थोडे की वाक्यं सांगायला माणूस मिळेना. शेवटी डेपो मॅनेजरने रांगेतूनच एक तरुण ओढून आणला. ‘तुमची गाडी सुटणार नाही, मी मॅनेजर आहे,’ असं छाती ठोकून सांगितलं, आणि गाडी सुटलीच. तरुण चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. गावी जाण्यासाठी घेतलेली चार दिवसांची रजा त्याने चौकशीच्या खिडकीत घालवली. पहिल्या दिवशी वाक्यं सांगितली, उरलेले तीन दिवस उच्चार तपासायला आला. एवढे कसले उच्चार तपासायचे असतात, हे डेपोतल्या झाडूवाल्यालाही कळलं होतं. वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं.

लग्नानंतर दोन्ही घरांची ओढाताण सुरू झाली. इकडची आई म्हणे, मुलं आमची भाषा बोलली पाहिजेत. तिकडची म्हणे, आमची. दोन खोल्यांच्या घरात पहिल्याच आठवड्यात नवराबायकोने तह केला. चपला काढतो तिथेच भाषाही काढून ठेवायची. तुझी नको, माझी नको, आत फक्त बाजाराची. कुणाचंच पारडं जड व्हायला नको. आणि पाळलं बरं का त्यांनी! गावाकडून भावाचा फोन आला तर चष्मेकाका, म्हणजे तोच तरुण, आता सगळे त्यांना याच नावाने ओळखतात, फोन घेऊन दोन जिने उतरून रस्त्यावर जात. तापात बडबडायला लागले तर स्वतःच तोंडावर हात ठेवत. ‘आमचं ठरलंय,’ एवढंच म्हणत. बाईंना या न्यायाचा मोठा अभिमान होता. लेक मोठी झाली तेव्हा एकदा फटकन बोलून गेली, ‘तुम्ही समसमान वाटणी केलीत, आणि माझ्या वाट्याला दोन्हीकडून शून्य आलं.’ बाईंना तेव्हा राग आला होता.

बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी काका दाढी करता करता आरशासमोर कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. सतरा दिवस इस्पितळात काढून घरी आले ते उजवा पाय ओढत, पण चालत आले. बोलतही होते. फक्त काय बोलतात ते कुणाला कळत नव्हतं.

‘भाषा गेलेली नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘नंतर शिकलेली गेली, लहानपणची शिल्लक आहे. माणसं ओळखण्यातही घोळ होईल. तुम्ही त्यांच्या भाषेत बोलत राहा, बरं वाटेल त्यांना.’

‘ती मला येत नाही.’

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘लग्नाला किती वर्षं झाली?’

‘तीस.’

डॉक्टर कागदावर औषधं लिहीत बसले.

पहिला महिना खाणाखुणांवर गेला. ते दिवस वाईट होते असं बाई म्हणणार नाहीत. काका बाईंचा हात धरून ठेवत. सदऱ्याची बटणं लावून घेताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मुलासारखे उभे राहत. बाई बाजाराच्या भाषेत बोलत राहत, काका आपल्या, आणि दोघांनाही काही न कळता दुपार होई.

साडेतीन वाजले की मात्र अंगात आल्यासारखं होई. काका कापडी पिशवी उचलत, दाराशी जात आणि कडी ओढायला लागत. बाई आडव्या आल्या तर ढकलत, ओरडत. दुसरा मजला, उभा जिना, आणि पाय असा. ओरडण्यात काहीतरी मागणं होतं, पण कशाचं?

लेकीने मोबाइलवर शोधलं. ‘आई, शंभरावर भाषा आहेत गं यादीत. बाबांची नाही.’ काकांचा भाऊ वारला होता. पुतणे शहरात वाढलेले, त्यांना त्या भाषेत फक्त शिव्या येत होत्या. त्या मात्र त्यांनी आनंदाने म्हणून दाखवल्या.

एक दिवस झटापट हाताबाहेर गेली. काकांनी कडी काढलीच. आणि बाईंच्या तोंडून, कुणी बटण दाबावं तसं, त्या भाषेतलं तिसरं वाक्य बाहेर पडलं, अगदी मायक्रोफोनवरच्या सुरात: ‘गाडीला उशीर आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं.’

काका थबकले. वळून बघितलं. तोंडावरचा ताण असा उतरला की बाईंना त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी ओळखीचा वाटला. दाराजवळच्या चपलांच्या बाकावर ते पिशवी मांडीवर घेऊन शहाण्यासारखे बसले. बाई स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडल्या. मग लेकीला फोन केला. ‘अगं, आठ वाक्यं कामाला आली!’

तेव्हापासून रोज साडेतीनला घोषणा होऊ लागली. चुळबुळ झाली की पुन्हा एकदा, आणि जोडीला सामान सांभाळावं. सहाच्या सुमाराला काका थकत, जेवत आणि झोपत. आणखीही फरक पडला. बाई आल्या की ते अदबीने उठून उभे राहत, बाकावर सरकून जागा देत. बटणं आता स्वतः लावत, बाईंचा हात हलकेच बाजूला करत. बाईंनी डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं, ‘सुधारणा आहे. स्वतःचं स्वतः करायला लागलेत.’ तेवढ्यात बाईंचा वाचायचा चष्मा घरातल्या घरात हरवला. सगळं घर पालथं घातलं, मिळाला नाही. चष्मेकाकांच्या घरात चष्मा हरवावा, घ्या! बाई जुन्या, कमी नंबरच्या चष्म्यावर भागवू लागल्या.

पण एक कुसळ डोळ्यात राहिलं. घोषणा ऐकून बसल्यावर काका रोज बाईंना एकच वाक्य म्हणत. शांतपणे, आर्जवाने. म्हणून झालं की उत्तरासाठी तोंडाकडे बघत राहत. बाई मान डोलावत. काका जरा निराश होऊन खाली बघत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य. महिनाभर हे चाललं. बाईंना रात्रंदिवस एकच घोर लागला: हा माणूस मला काय सांगतोय? एवढं एक कळलं तर बाकी काही नको.

शेवटी बाई डेपोत गेल्या. खिडकीत आता माणूस नव्हता, घोषणा मशीन करत होतं. डोंगराकडची गाडी एक वाजता येई आणि पाचला परत जाई. त्या गाडीचा कंडक्टर तिशीतला, बोलका. बाईंनी सगळं सांगितलं तर तो म्हणाला, ‘एवढंच ना मावशी? चहा पाजा, आत्ता येतो.’

बरोबर साडेतीनला तो बाकावर काकांच्या शेजारी बसला. वर्दीतला, खांद्याला तिकिटांची पिशवी लावलेला माणूस आपल्या भाषेत बोलतोय म्हटल्यावर काकांना काय करू आणि काय नको असं झालं. बांध फुटावा तसे बोलत सुटले. हातवारे केले, हसले, कंडक्टरच्या गुडघ्यावर थाप मारली. तीस वर्षांत बाईंनी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. हा माणूस असा गप्पिष्ट आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं. हातात चहाचे कप घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. कंडक्टरही आधी हसत होता. मग हळूहळू त्याचं हसणं थांबलं आणि तो उठून बाईंकडे आला.

‘चहा राहू द्या, मावशी. आधी बसा.’

‘काय म्हणाले?’

‘काका समजतायत की ते आमच्या भागातल्या स्टँडवर अडकलेत. गाडीला उशीर आहे म्हणून. म्हणतात, ही घोषणेवाली बाई फार चांगली आहे. चहा देते, जेवू घालते. पण महिना महिना गाडीला उशीर, ही कसली व्यवस्था?’

बाईंनी कप खाली ठेवले. ‘म्हणजे मी... मी त्यांना स्टँडवर बसवून ठेवलंय?’

कंडक्टरने होकारार्थी मान हलवली.

‘आणि जायचंय कुठे त्यांना? आईकडे?’

‘नाही हो मावशी. इकडे. घरी यायचंय.’ कंडक्टर म्हणाला. ‘म्हणतात, बायको घरी एकटी असते. सहाला ड्युटीवरून येते, तोवर पोचायला साडेतीनला निघायला हवं. तिचा चष्मा माझ्याकडेच राहिलाय, त्याशिवाय तिला वाचता येत नाही. आणि ते रोजचं वाक्य तुम्ही विचारत होता ना? ते असं आहे: बाई, एवढं घरी कळवाल का, की मी निघालोय, काळजी करू नकोस.’

बाईंनी बाकावरची पिशवी उघडली. काकांनी हरकत घेतली नाही, डेपोची बाई सामान तपासणारच. आत एक टॉवेल, काचा पुसायचं मऊ फडकं आणि त्यात गुंडाळलेला बाईंचा चष्मा. काचा इतक्या लख्ख घासलेल्या की त्या आहेत की नाहीत कळू नये. बाईंनी तो तसाच गुंडाळून परत पिशवीत ठेवला.

‘सांग त्यांना,’ बाई म्हणाल्या, ‘सांग, मीच ती. हेच घर.’

कंडक्टरने सांगितलं. काका खो खो हसले. मग कंडक्टरने बाईंना वाक्य शिकवलं, ‘मी तुमची बायको आहे.’ बाईंनी ते चार वेळा पुटपुटून पाठ केलं आणि नवऱ्यासमोर उभं राहून म्हटलं. म्हटलं खरं, पण सूर तोच आला, खिडकीतला. त्या भाषेत बोलायचा दुसरा सूर त्यांच्या गळ्याला माहीतच नव्हता.

काकांचं हसू मावळलं. ते गंभीरपणे, पण सभ्यपणा न सोडता काहीतरी बोलले. बाईंनी कंडक्टरकडे पाहिलं. ‘सांग रे बाबा.’

‘म्हणाले, बाई, अशी थट्टा बरी नाही. माझी बायको ही भाषा बोलत नाही. आमचं ठरलंय.’

बाई मग आपल्या घरातल्या, बाजाराच्या भाषेत कळवळून म्हणाल्या, ‘अहो, मीच हो! बघा ना माझ्याकडे!’ काकांनी बघितलं, आणि या काय म्हणतायत म्हणून कंडक्टरला विचारलं.

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. त्यांच्या भाषेत बोलावं तर ती परकी बाई, आणि घरातल्या भाषेत बोलावं तर ते त्यांना कळत नाही.

कंडक्टरला पाचची गाडी होती. तो निघाला तसे काका पिशवी घेऊन त्याच्या मागे निघाले, आणि त्यांचंही काय चुकलं? दारात अडवून त्याने समजूत घातली, माझी गाडी उलट्या दिशेची, तुमची मागून येतेय. काका मुकाट्याने परत बसले. जिन्यात कंडक्टर डोळे पुसत म्हणाला, ‘पुन्हा येईन मावशी, पण वर्दी काढून येईन.’

‘जाता जाता एक कर,’ बाई म्हणाल्या. ‘निरोप पोचला, असं तुमच्यात कसं म्हणतात?’

त्याने सांगितलं. बाईंनी ते किराणा सामानाच्या यादीमागे आपल्या लिपीत लिहून घेतलं.

त्यानंतर बाईंनी कानाला खडा लावला की आता घोषणा नाही. आपण बायको आहोत, बायकोसारखं वागायचं. दोन दिवस तोंडातून अक्षर काढलं नाही, नुसता हात धरायला गेल्या. काकांनी हात सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी बाई दूध उतू जातंय म्हणून वळल्या तेवढ्यात ते बाहेर पडले आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर कोसळले. कपाळाला तीन टाके पडले. लेक फोनवर रडत म्हणाली, ‘आई, तुझ्या पाया पडते, तीच घोषणा कर. निदान बसून तरी राहतात.’

बाईंनी मग दुसरं एक वाक्य म्हणून बघितलं. हरवलेली व्यक्ती चौकशीच्या खिडकीपाशी आहे. वाटलं, कोण जाणे, काही उमजेल. तर काका घाबरून उठले आणि कुणाचं तरी मूल हरवलं म्हणून बाकाखाली, पडद्यामागे वाकून वाकून शोधू लागले. बाईंनी ते वाक्यही कायमचं बंद केलं. गाडी रद्द झाली आहे, हे म्हणायची तर त्यांची छातीच झाली नाही.

आज साडेतीनला काका पिशवी घेऊन दाराशी आले. बाईंनी सांगितलं, ‘गाडीला उशीर आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं.’ काका बसले. टाक्यांवरची पट्टी सारखी करून ते रोजचं वाक्य बोलले. आज बाईंना त्यातला शब्द न् शब्द कळला. त्यांनी तो यादीचा कागद काढून उलटा केला, जुन्या चष्म्यातून डोळे बारीक करून बघितलं आणि वाचलं, ‘निरोप पोचला.’

काकांनी एवढा मोठा श्वास सोडला की मांडीवरची पिशवी हलली. डोळे भरून आले त्यांचे. मग ते पुढे झुकले आणि त्यांनी एक लहानसा प्रश्न विचारला. असा निरोप पोचल्यावर कुणीही विचारील तोच असणार: मग ती काय म्हणाली?

बाईंकडे सांगायला किती होतं! ती म्हणाली, सावकाश या. ती म्हणाली, मी जेवायची थांबले आहे. ती म्हणाली, त्या तहाला आग लागो, मी तुमची भाषा शिकायला हवी होती. काका तोंडाकडे बघत होते. कागदावर पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,’ बाई त्यांच्या भाषेत म्हणाल्या, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, परक्या बाईने ठेवावं तेवढं अंतर ठेवून बसल्या.